लाळेतला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजला, आता हिरड्यांचं काय करू?

रानजाई

नमस्कार. बरेच दिवस ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. खालच्या दाढांजवळची हिरडी सुजलेली, पण दुखणं असं काही नव्हतं. दंतवैद्यांनी प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) हिरडीची खोली मोजली, एक्स-रे काढला आणि पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे दाताभोवतीचं हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार, असल्याचं सांगितलं. काही पॉकेट (दात आणि हिरडी यांमधल्या खोबणी) ५ मिमी, दोन ठिकाणी ६. स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग सुचवलंय.

याच सुमारास एका आरोग्य तपासणीत लाळेचा नमुनाही घेतला होता. त्याच्या रिपोर्टमध्ये 'टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी' कमी आणि 'एमडीए' जास्त दाखवलंय. खाली अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा लांबलचक कोर्सही लिहिलाय. घरात दोन मतं पडली आहेत. काहींचं म्हणणं, आधी गोळ्या घेऊन आतून सुधारणा कर, दातांचं मग बघू. या आकड्यांना किती महत्त्व द्यायचं? आणि गोळ्यांनी हिरड्या बऱ्या होतात का? तंबाखू, सिगारेट काही नाही. साखर बऱ्याच वर्षांत तपासलेली नाही.

मृद्गंध

रानजाई, मी पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांची तज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासल्याशिवाय तुमच्या तोंडाबद्दल बोलणार नाही, पण क्रमाबद्दल ठामपणे सांगते: साफसफाई आधी. गोळ्यांसाठी ती पुढे ढकलू नका.

हिरड्यांच्या दाहाची सुरुवात दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थरातून, म्हणजे प्लाकमधून होते. १९६५ मध्ये हॅराल्ड ल्यो यांनी डेन्मार्कमध्ये हे फार सोप्या पद्धतीने दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं थांबवलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाला हिरड्यांचा दाह झाला आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात तो गेला. आमच्या शाखेचा निम्मा उपचार आजही या एका प्रयोगावर उभा आहे.

तुमचा आजार त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. निरोगी हिरडीत प्रोब १ ते ३ मिमी जातो. पॉकेट ५-६ मिमी झाला आणि एक्स-रेमध्ये हाड खाली गेलेलं दिसलं, की दाताला धरून ठेवणारे तंतू सुटलेले असतात. हे हाड आपोआप परत येत नाही. झीज मात्र थांबवता येते, आणि बहुतेकांची थांबते.

रूट प्लॅनिंगमध्ये हिरडीखालचा टार्टर आणि जिवाणूंचा थर मुळावरून काढतात. भूल देऊन करतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. सूज उतरते, हिरडी मुळाला घट्ट बसते, पॉकेट उथळ होतात. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. ४ मिमीपर्यंत आणि रक्त नाही, असं झालं तर उत्तम. ६ मिमीचे पॉकेट राहिले आणि त्यांतून रक्त येत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. अँटिबायोटिक सरसकट लागत नाही. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी वेगाने वाढणाऱ्या, निवडक रुग्णांसाठी राखून ठेवलेली आहे.

एक चाचणी मात्र खरंच करून घ्या: एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी. आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज बांधताना आम्ही २०१८ पासूनच्या वर्गीकरणात दोन गोष्टी आवर्जून बघतो. एक, सिगारेट दिवसाला १० किंवा जास्त आहेत का. दोन, मधुमेह असेल तर एचबीए१सी ७ टक्के किंवा त्यावर आहे का. उलट दिशेनेही संबंध आहे. मधुमेही माणसाच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं. लाळेच्या त्या रिपोर्टपेक्षा हा आकडा तुमच्या उपचारांसाठी कितीतरी जास्त कामाचा आहे.

तळटीप

मृद्गंध यांच्याशी पूर्ण सहमत. माझं काम जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे आकड्यांबद्दल लिहितो. जरा सविस्तर लिहावं लागेल.

'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' ही संकल्पना हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये मांडली: ऑक्सिडीकरण करणारे घटक आणि त्यांना आवरणारे घटक यांचा तोल पहिल्यांच्या बाजूला झुकणं. हिरडीत हा तोल कोण ढळवतं? मुख्यतः आपल्याच न्यूट्रोफिल पेशी, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. जिवाणू समोर आला की न्यूट्रोफिल ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड तयार करतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं (या एन्झाइमचं काम मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडलं). पुढे मायलोपेरॉक्सिडेज त्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. जिवाणू मारायला हे सगळं आवश्यक आहे. पेरिओडॉन्टायटिसच्या रुग्णांत न्यूट्रोफिल गरजेपेक्षा जास्त चिडलेले असतात, आणि प्लाक तिथेच असल्यामुळे मारा थांबतच नाही. रक्तासोबत आलेलं लोह पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल हे मुक्त मूलक (समोरच्याशी चटकन रासायनिक क्रिया करणारा कण) तयार होतं. ते तर समोर जे येईल ते जाळतं, चरबी, प्रथिनं, डीएनए.

म्हणजे रानजाई, तुमचं वाढलेलं एमडीए ही दाहाची निशाणी आहे. दाह कशामुळे आहे ते तुमच्या दंतवैद्यांनी शोधलंच आहे.

आता चाचण्यांकडे. एमडीए म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड, पेशींच्या पटलातली चरबी ऑक्सिडाइझ झाल्यावर उरणारा तुकडा. बहुतेक ठिकाणी तो थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत तापवून, येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला मोजतात. पद्धत साधी आहे, पण या आम्लाला फक्त एमडीएच भेटतं असं नाही. इतर अल्डिहाइड आणि काही शर्कराही रंग देतात. एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने) वेगळं करून मोजलं तर आकडा जास्त विश्वासार्ह. तुमच्या रिपोर्टवर पद्धत लिहिली आहे का बघा.

टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटीबद्दल मला सर्वात जास्त बोलायचंय, कारण लोक सर्वात जास्त तिलाच घाबरतात. नावावरून वाटतं की शरीराची सगळी संरक्षणक्षमता एका आकड्यात आली. लाळेत मात्र या क्षमतेचा मोठा हिस्सा, सुमारे ७० टक्के किंवा त्याहून जास्त, एकट्या यूरिक आम्लाचा असतो. म्हणजे हा आकडा बराचसा यूरिक आम्लाचीच सावली आहे. यूरिक आम्ल वाढलेल्या माणसाचा आकडा छान येईल आणि हिरड्या सडलेल्या असतील, हे सहज शक्य आहे. सूज आलेल्या हिरडीतून रक्तद्रव लाळेत झिरपतो, तोही स्वतःचे अँटिऑक्सिडंट घेऊन येतो. दाह असताना काही ठिकाणी हा आकडा घसरलेला दिसतो तर काही ठिकाणी वाढलेला, त्यामागे हे एक कारण आहे. शिवाय सुपरऑक्साइड डिसम्युटेज किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारख्या एन्झाइमांचं काम या चाचणीत जवळजवळ मोजलंच जात नाही.

तिसरी चाचणी ८-ओएचडीजी. ऑक्सिडाइझ झालेला डीएनएचा घटक, एलायझाने (प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीने) मोजतात. पेरिओडॉन्टायटिसच्या रुग्णांच्या लाळेत तो जास्त असतो आणि साफसफाईनंतर उतरतो, हे जपानी संशोधकांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं. या तिघांत मला हीच सर्वात आश्वासक वाटते.

आणि मुख्य अडचण: लाळेतल्या या घटकांसाठी सर्वमान्य संदर्भमर्यादा नाहीत. रक्तातल्या साखरेला आहेत तशा नाहीत. किट बदललं की एकक आणि आकडा दोन्ही बदलतात. 'कमी' म्हणजे कोणापेक्षा कमी, हे त्या प्रयोगशाळेला विचारा.

कोरा_कागद

तळटीप, खूप उपयोगी प्रतिसाद. मी एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करतेय. प्रबंधासाठी स्केलिंगच्या आधी आणि नंतर लाळेतलं एमडीए आणि ८-ओएचडीजी मोजायचा विचार आहे. नमुना गोळा करताना सर्वात जास्त गोंधळ कुठे होतो?

तळटीप

गोंधळ नमुन्यातच होतो. मशीन सहसा दगा देत नाही.

लाळ स्थिर नसते. विश्रांतीत मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली येते, काही चघळलं की कित्येक पटींनी वाढते, झोपेत जवळजवळ थांबते. प्रवाह वाढला की सगळंच पातळ होतं. म्हणून उत्तेजित लाळ आणि विश्रांतीतली लाळ एकाच तक्त्यात कधीही मिसळू नका. सकाळची एकच वेळ ठरवा, समजा ८ ते १०, आणि दोन्ही भेटींना तीच पाळा. त्याआधी दोन तास खाणं, पाण्याखेरीज काही पिणं, ब्रश, माउथवॉश, धूम्रपान बंद. जोरदार व्यायामही नको. साध्या पाण्याने चूळ भरून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग मान किंचित पुढे झुकवून लाळ आपोआप नळीत पडू द्यायची. थुंकायला लावू नका. कापसाचे बोळे शक्यतो टाळा, काही रेणू कापूस धरून ठेवतो. किती मिनिटांत किती मिली आली ते लिहून ठेवा, म्हणजे प्रति मिली आणि प्रति मिनिट असे दोन्ही आकडे देता येतील. एकूण प्रथिनंही मोजा.

नळी बर्फात. लगेच सेंट्रिफ्यूज, लहान लहान भाग करून उणे ८० अंशांवर. वितळवून पुन्हा गोठवू नका. नमुना टेबलावर पडून राहिला तर ऑक्सिडीकरण नळीत चालूच राहतं आणि तुम्ही रुग्णाचा ताण न मोजता टेबलावरचा उशीर मोजता. एमडीएसाठी काही जण नमुन्यात बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) घालतात ते याचसाठी.

रक्त मिसळलेले नमुने बाजूला काढायची सोय हवी. डोळ्यांना गुलाबी दिसेपर्यंत वाट पाहू नका, ट्रान्सफेरिन (रक्तातलं एक प्रथिन) मोजलं तर न दिसणारं रक्तही कळतं.

मृद्गंध

कोरा_कागद, एक भर. लाळ आधी, प्रोबिंग नंतर. हे उलटं झालेले प्रबंध मी वाचले आहेत. प्रोबने रक्त काढलं आणि मग लाळ घेतली तर पहिल्या भेटीचे सगळे आकडे संशयास्पद होतात. दुसरा नमुना साफसफाईनंतर लगेच घेऊ नका, जखम भरत असते तेव्हाही ऑक्सिडीकरण चालू असतं. धूम्रपान करणारे वेगळ्या गटात ठेवा, आणि व्हिटॅमिन सी, ई किंवा यूरिक आम्लाची औषधं घेणाऱ्यांची नोंद ठेवा.

नीलमोहर

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. मला ओरल लायकेन प्लॅनस आहे. गालांच्या आत पांढरी जाळी आणि मधूनमधून लाल, सोललेले भाग. तिखट तर सोडाच, साधी पेस्टही झोंबते. स्टेरॉइडचं मलम लावलं की बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा येतं. स्टेरॉइड सोडून फक्त अँटिऑक्सिडंट घ्यावेत का?

विभावरी

नीलमोहर, मी ओरल मेडिसिनमध्ये काम करते. झोंबणाऱ्या तोंडाने रोज जगणं किती थकवतं, हे रोज बघते, म्हणून आधी एवढंच सांगते की आराम मिळण्यासारखा आजार आहे हा.

हिरड्यांच्या दाहाहून याची जात वेगळी. इथे शरीराच्याच टी-पेशी श्लेष्मल आवरणाच्या तळाच्या थरावर हल्ला करतात. मुक्त मूलकं इथेही वाढतात, लाळेतलं एमडीए इथेही चढतं. पण सुरुवात रोगप्रतिकारशक्तीतून आहे, म्हणून पहिला उपचार तिला स्थानिक पातळीवर शांत करण्याचा: क्लोबेटासॉल ०.०५ टक्के किंवा तशाच ताकदीचं दुसरं स्टेरॉइड मलम. त्याने भागलं नाही तर टॅक्रोलिमस ०.१ टक्के, हे स्टेरॉइड नसलेलं पण रोगप्रतिकारशक्ती शांत करणारं मलम. जागा कोरडी करून पातळ थर लावायचा, नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. हिरड्यांवर असेल तर दातांवर बसणाऱ्या साच्यात भरून लावता येतं. स्टेरॉइडखाली कॅन्डिडाची बुरशी वाढू शकते, अचानक जळजळ वाढली तर ती तपासून घ्या. टूथपेस्ट सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली वापरून बघा.

लायकोपीन, करक्यूमिन यांचे छोटे अभ्यास झाले आहेत आणि काहींत लक्षणं कमी झाली. स्टेरॉइडच्या जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायला माझी हरकत नाही. बदली म्हणून नको.

आणि हे सर्वात महत्त्वाचं. या आजारात सुमारे १ टक्का रुग्णांत पुढे कर्करोग होतो. प्रमाण लहान आहे, घाबरू नका, पण लक्षणं नसली तरी वर्षातून एकदा-दोनदा तपासणी चुकवू नका. एखादी जागा कडक झाली, व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर बायोप्सी. लाळेचा कुठलाही आकडा बायोप्सीची जागा घेत नाही.

रानजाई

विभावरी, एक विचारू? बहिणीला सारखं तोंड येतं. तिनेही ही लाळेची चाचणी करावी का?

विभावरी

नको. वारंवार तोंड येणाऱ्यांनी आधी रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फोलेट. यातली कमतरता भरून निघाली की अनेकांचं तोंड येणं कमी होतं. साधे फोड १० मिमीपेक्षा लहान असतात आणि १० ते १४ दिवसांत बरे होतात, ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची ०.१ टक्के पेस्ट सुरुवातीलाच लावली तर लवकर. त्याहून मोठे, आठवडेच्या आठवडे टिकणारे, किंवा सोबत जननेंद्रियावर व्रण, डोळे लाल होणं, जुलाब, वजन घटणं असं काही असेल तर फिजिशियनकडे जायलाच हवं. त्यामागे बेशेट (रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार), सीलिअॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) किंवा आतड्यांचा दाह असू शकतो.

शांतनौका

वाचत होते, आता लिहावंसं वाटलं. वडिलांना घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन चालू आहे. तोंडात इतके व्रण झालेत की पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. नातेवाईक अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणून देत आहेत. द्यायच्या का?

विभावरी

शांतनौका, कृपा करून त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय एकही गोळी देऊ नका. कॅनडात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना रेडिएशनच्या काळात व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन किंवा प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) देऊन बघितलं होतं. २००५ मध्ये निकाल आले. तोंडाचा तीव्र त्रास कमी झाला, पण आजार त्याच जागी उलटण्याकडे कलही दिसला. रेडिएशन कर्कपेशींना मुक्त मूलकांच्याच मदतीने मारतं, त्यामुळे या निकालाकडे डोळेझाक करता येत नाही.

आता त्रास कमी करायला काय करता येईल ते. मऊ ब्रश चालू ठेवा, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ. बेन्झिडामिन माउथवॉश आणि कमी तीव्रतेचा लेसर यांबद्दल त्यांच्या टीमला विचारा, दोन्हींना आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत जागा आहे. क्लोरहेक्सिडिन (जिवाणूनाशक माउथवॉश) म्यूकोसायटिस, म्हणजे उपचारांमुळे तोंडात होणारे हे व्रण, टाळण्यासाठी सुचवलं जात नाही. वेदनाशामकाचा डोस वाढवून मागायला संकोच करू नका. खाणं थांबलं, वजन झपाट्याने उतरलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी कळवा.

तळटीप

यात एक गोष्ट जोडतो. म्यूकोसायटिसच्या पाच टप्प्यांच्या प्रचलित मांडणीत पहिलाच टप्पा मुक्त मूलकांचा आहे. म्हणून थेट सुपरऑक्साइडवर नेम धरणारं अॅव्हासोपासेम हे औषध बनलं. रुग्णांवरच्या मोठ्या, फेज-३ चाचणीत तीव्र म्यूकोसायटिस प्लासिबो गटात ६४ टक्के तर औषध घेणाऱ्यांत ५४ टक्के रुग्णांना झाला. फरक खरा होता, तरीही २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली नाही. एवढा नेमका वार करूनही इतकाच फरक पडला. मग 'अँटिऑक्सिडंट' असं लिहिलेल्या मोघम गोळीकडून किती अपेक्षा ठेवायची? धूम्रपान करणाऱ्यांसाठी तर बीटा कॅरोटिनच्या मोठ्या मात्रा घातक ठरल्या आहेत. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (१९९४) ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

शांतनौका

दोघांचेही मनापासून आभार. गोळ्या बाजूला ठेवल्यात. उद्या लेसरबद्दल विचारते.

कोरा_कागद

हे सगळं वाचून प्रश्न पडला. एका रुग्णासाठी ही चाचणी कामाची नसेल तर मग आम्ही मोजतोय कशाला?

तळटीप

कारण प्रश्न वेगळा आहे. तुझ्या प्रबंधात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या नमुन्याशी आहे, पद्धत एकच आहे, आणि निष्कर्ष गटाबद्दल आहे. उपचारानंतर ८-ओएचडीजी खरंच उतरतो का, कोणात उतरत नाही, पॉकेटची खोली आणि तो सोबत चालतात का, हे कळायलाच हवं. उद्या एखादी विश्वासू चाचणी खुर्चीशेजारी आली तर ती अशाच कामांतून येईल. सक्रिय एमएमपी-८ ची पट्टी आधीच तिथवर पोहोचली आहे. कोलॅजन तोडणारं हे एन्झाइम चुळीच्या पाण्यात मोजतात आणि त्यासाठी २० नॅनोग्रॅम प्रति मिली अशी मर्यादाही ठरली आहे. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसला अशी मर्यादा अजून मिळायची आहे. तुझ्या नमुन्यांची नोंद काटेकोर ठेव, कोणाला तरी ती लागेल.

रानजाई

सगळ्यांना कळवायचं होतं. रूट प्लॅनिंग दोन्ही बाजूंचं झालं. एचबीए१सी ६.१ आलं, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर, फिजिशियनना दाखवतेय. गोळ्या सुरू केल्या नाहीत. रक्त बरंच कमी झालंय. दातांच्या फटी मात्र जास्त दिसायला लागल्यात आणि थंड लागतं. दोन आठवड्यांसाठी क्लोरहेक्सिडिन दिलंय, ते पुढेही चालू ठेवू का?

मृद्गंध

एचबीए१सी वेळेवर कळलं हे फार चांगलं झालं. फटी दिसणं अपेक्षित आहे, सूज उतरली की हिरडी आकसते. थंड लागणं बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, तोवर संवेदनशील दातांसाठीची पेस्ट वापरा. फटींच्या मापाचा इंटरडेंटल ब्रश दंतवैद्यांकडूनच निवडून घ्या, प्रत्येक फटीला वेगळा लागू शकतो, आणि तो रोज रात्री वापरा. यापुढे सर्वात जास्त फरक त्यानेच पडेल.

क्लोरहेक्सिडिन सांगितलेले दोन आठवडेच. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात, चव बदलते, आणि जिभेवरचे नायट्रेटवर काम करणारे उपयोगी जिवाणूही मरतात. पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत अर्धा तास अंतर ठेवा. तीन महिन्यांची भेट आत्ताच ठरवून टाका, आणि तेव्हाचं पॉकेटचं मोजमाप इथे लिहा.